खिळ्यावरची किल्ली

सकपाळ कुणाच्याही घरात शिरला की पाणी मागायच्या आधी विचारायचा, "मागचं दार कुठाय?" मग चपला काढायच्या आणि तडक आत जाऊन ते दार उघडतं का बघायचं. मागं लाकडं रचलेली असली, तांदळाचं पिंप ठेवलेलं असलं की तो घरच्या बाईकडं असं बघायचा, जसं काय तिनं चुलीत पोर ठेवलंय. मग पाणी प्यायचा.

तो मुंबईत बंबावर होता. आग विझवणारा. अठ्ठ्याण्णव साली रिटायर होऊन इथं रत्नागिरीत आमच्या वाडीला परत आला. माणूस बुटका, मान आखूड, भुवया जळून पुन्हा उगवलेल्या, म्हणून एक भुवई वर आणि एक खाली. दोन मजले चढला की छातीत पिपाणी वाजायची. धूर बसला होता आत. तरी बोलणं थांबत नसे.

तो गेला असं कळलं, म्हणून मी हे लिहितोय. मी चौथी शिकलेला माणूस, ग्रील करणारा. मला लिहायला बारा एमएमचा बार आणि रॉड बरा, पेन नाही. लेक लांज्याहून म्हणाली, बाबा, तुम्ही बोलता तसं लिहा. तर हे बोलतो तसं.

आधी एक सांगून टाकतो. तो खालच्या बौद्धवाडीतला. आमच्या वरच्या वाडीत त्याच्या बापाचं येणं पडवीपर्यंतच होतं आणि आम्हाला ते चुकीचं वाटत नसे. लेक म्हणते हे लिहू नका. मी लिहिणार. कारण हा मेला मुंबईहून आला तो थेट मागचं दार विचारत. मागचं दार बघायचं तर ओटी, माजघर, स्वयंपाकघर ओलांडून जावं लागतं. पहिल्या वर्षी चार घरांनी त्याला पडवीतूनच परत पाठवलं. तो रागावला नाही. "ठीक आहे," म्हणायचा, "मी बाहेरनं फिरून बघतो." आणि घराला प्रदक्षिणा घालून मागच्या दारावर हाताची मागची बाजू टेकवायचा.

ती त्याची सवयच. कुठलंही बंद दार दिसलं की तळवा नाही लावायचा, हाताची मागची बाजू लावायची. मी विचारलं तर म्हणाला, "मिस्त्री, दार तापलेलं असलं तर तळवा भाजतो. तळवा भाजला की शिडी धरता येत नाय. मागची कातडी गेली तरी चालते." स्वतःच्या घराच्या दाराला, एसटीच्या दाराला, देवळाच्या दाराला, सगळीकडं तेच. सिनेमा बघायला गेला तर पडद्याकडं पाठ करून दारं मोजायचा.

लांज्यात एकदा लग्नाला गेलो होतो. हॉल भरलेला, पंगत बसलेली, मागच्या दाराला खुर्च्यांची रास लावलेली. सकपाळनं जिलबी तशीच टाकली, उठला आणि एकेक खुर्ची उचलायला लागला. मुलीचा बाप धावत आला. "अहो, तुम्ही केटरिंगवाले का? खुर्च्या नंतर न्या!" सकपाळ म्हणाला, "नाय हो, मी वऱ्हाडी. तुमची दोनशे माणसं एका दारातनं कशी बाहेर काढायची ते बघतोय." बापानं कपाळावर हात मारला. "शुभकार्यात असलं बोलता?" तेवढ्यात वऱ्हाडातली तीन पोरं उठून त्याच्याबरोबर खुर्च्या उचलायला लागली. कॉलेजची. त्यातला चष्मेवाला अमेय, आंब्याच्या बागायतदाराचा मुलगा, म्हणाला, "काका, आम्हाला हे शिकवाल?"

तिथून ते सुरू झालं. रत्नागिरीच्या कॉलेजात समाजसेवेची पोरं असतात, झाडं लावतात, रस्ते झाडतात. ती रविवारी आमच्या वाडीत यायला लागली. पंधरा-वीस जण. सकपाळ त्यांना बायकांसमोर उभं करायचा. कढईतलं तेल पेटलं तर काय? पाणी? "पाणी टाकलंत तर तेल उडून तुमच्या पदरात येईल! झाकण ठेवा." गॅसचा वास आला तर बत्तीचं बटण दाबायचं नाही. ओलं गोणपाट कुठं ठेवायचं. अंगावर पेटलं तर पळायचं नाही, लोळायचं. पोरं अंगणात लोळून दाखवायची आणि वाडीतल्या म्हाताऱ्या हसून हसून खोकायच्या.

एक पोरगी होती, रुबीना. केळशीची, बापाची होडी. हाडापेरानं रुंद, दोरीची गाठ अशी मारायची की सुटायला तिलाच बोलवावं लागे. सकपाळचा जीव होता तिच्यावर. "ही मी मुंबईला असताना कुठं होती?" म्हणायचा.

आणि प्रत्येक घरी जाऊन ती पोरं एकच विचारायची. घरात किती माणसं? न उठणारं कोण आहे? सकपाळ ते लिहून ठेवत नसे. सगळी वाडी त्याच्या डोक्यात माणसांनी भरलेली होती.

माझ्या घरात एक होतं. माझी बायको, सुमन. तिच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणं अडकायचं, डावा हात तेवढा चालायचा. मी सकाळी तिचं सगळं करून, तांब्या-भांडं डाव्या हाताशी ठेवून, दाराला बाहेरून कुलूप लावून कामाला जायचो. दुपारी शेजारच्या वैनी खिडकीतून हाक मारायच्या. कुलूप कशाला? माकडं येतात म्हणून. एकदा माकडानं आत येऊन तिच्या अंथरुणावरच्या पोळ्या नेल्या होत्या. आणि खिडक्यांना माझं ग्रील. बारा एमएमचा चौरस बार, चार इंचांवर. वाडीत, गावात, अर्ध्या रत्नागिरीत माझी ग्रीलं आहेत. एकही सुटलेलं नाही.

सकपाळ त्या खिडकीसमोर उभा राहिला. बार हलवून बघितला.

"मिस्त्री, हे किती दिवस टिकंल?"

"तुझ्या माझ्या नातवांना पुरंल."

"आतल्या माणसाला बाहेर यायचं असलं तर?"

"दार आहे की."

"दाराला कुलूप कोण लावतो?"

मी फडक्यानं बार पुसायला लागलो.

"तू खिडक्या करत नायस, मिस्त्री. पिंजरे करतोस. हे खालचं पान काप, दारासारखं उघडंल असं. बिजागरी लाव, आतून कुलूप, किल्ली बाजूच्या खिळ्यावर. माकडाला किल्ली लावता येत नाय."

"आणि चोराला?"

"चोर तुझ्या घरातनं काय नेणार, वेल्डिंगचा धूर?"

पोरं हसली. मला राग आला. माझ्या धंद्याची इज्जत काढली असं वाटलं. मी त्याला आईवरून बोललो, हे पण लिहितो. तो म्हणाला, "बरं," आणि गेला. पुढच्या रविवारी परत आला. त्याच्या पुढच्या रविवारी परत. मी बधलो नाही. कापलेलं ग्रील गिऱ्हाइकानं बघितलं तर काय म्हणेल, एवढंच डोक्यात.

चौथ्या रविवारी त्यानं माझ्याशी बोलणंच टाकलं. सरळ खाटेजवळ गेला, खाली बसला आणि सुमनला म्हणाला, "वैनी, एक तालीम करायची आहे. घमेलंभर ओल्या पातेऱ्याचा, झाडाखालच्या पानांचा धूर, दारापाशी. तुम्ही खाटेवर, मिस्त्री तुमच्याजवळ. घाबरायचं नाय. करू?" सुमननं डावा हात वर केला. ती हो म्हणाली त्याला, मला न विचारता.

मी म्हटलं, करा. धुरात मी रोज बसतो.

मी आत तिच्याजवळ बसलो. बाहेर पोरांनी दार ओढून माझंच कुलूप दाबलं. टक. अमेयनं सुका-ओला पातेरा घमेल्यात पेटवला आणि उंबऱ्याशी ठेवला. धूर दाराखालून आला. पातळ, जमिनीवरून सरपटत. आधी मी हसत होतो. मग तो गुडघ्यापर्यंत आला. सुमन खोकली. तिला मान वळवता येत नसे, त्यामुळं तोंड होतं तिकडंच, धुराकडं. मी उठलो, दार ओढलं. मागचं दार? मागच्या दाराला मीच वर्षभराची लाकडं लावली होती. खिडकीशी गेलो, माझाच बार धरला आणि हलवला. हलला नाही. का हलेल? मी लावलेला.

"उघडा!" मी ओरडलो.

"किल्ली कुठाय?" बाहेरून सकपाळ.

किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती. आत. आम्हा सगळ्यांचा हाच शहाणपणा, कुलूप दाबायचं आणि किल्ली खिशात घालायची. मी बारांतून हात बाहेर काढला, खांद्यापर्यंत, आणि बोटांत किल्ली धरली. "ही घे! घे ना मेल्या!"

सकपाळनं घेतली नाही. तो समोर तीन पावलांवर उभा होता आणि माझ्या हाताकडं बघत होता. तोंडावरचं रक्त उतरलं होतं. मग तो तिथंच अंगणात खाली बसला. रुबीनानं धावत येऊन किल्ली माझ्या बोटांतून ओढली, दार उघडलं, घमेलं लाथेनं उडवलं.

सुमननं माझ्याकडं बघितलं. तिला एकेक शब्द काढायला जड जायचं. ती म्हणाली, "काप."

नंतर चहा पिताना सकपाळ हळू बोलला, पोरं हातपाय धुवायला विहिरीवर गेली तेव्हा. मुंबईत एका इमारतीत तो शिडीवर होता, खिडकी समोर, ग्रील पक्कं. आतून एक हात बाहेर आला होता. "कापायला पाच मिनिटं लागतात, मिस्त्री. हात चार मिनिटं हलला." एवढंच सांगितलं. पुन्हा कधी काढलं नाही.

त्याच दिवशी दुपारी मी मशीन बाहेर काढलं आणि माझं ग्रील कापलं. ठिणग्या उडत होत्या आणि पोरं टाळ्या वाजवत होती, मला ते आवडलं नाही. बिजागरी लावली, कुलूप लावलं. चौकटीच्या उजव्या बाजूला खिळा ठोकला, असा की खाटेवरून सुमनचा डावा हात पोचेल आणि बाहेरून बारातून हात घातला तरी पोचेल. सकपाळनं त्यावर किल्ली अडकवली आणि दोनदा काढून लावून बघितली. मग वाडीतल्या अकरा घरांत तसंच केलं. मजुरी कुणी विचारली नाही, मी सांगितली नाही.

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा. आमच्या वाडीच्या वर सडा आहे, नुसता कातळ आणि त्यावर गुडघाभर वाळलेलं गवत. दरवर्षी कुणीतरी ते पेटवतं. जुनं जाळलं की नवं जोरात येतं, असं बापजाद्यांपासून म्हणतात. सकपाळच्या पोरांनी सड्याच्या कडेनं वाडीभोवती दोन हात रुंद पट्टा खरवडायला घेतला होता, गवत नको, पातेरा नको, म्हणजे आग तिथं उपाशी मरते. पण परीक्षा आल्या. पट्टा अर्धा राहिला. उरलेला अर्धा नेमका माझ्या घरामागं.

मी त्या दिवशी लांज्यात, एका दुकानाचं शटर बसवत होतो. कुणीतरी गवत पेटवलं, दुपारचा समुद्राकडचा वारा सुटला आणि आग उतारावरून खाली आली. सकपाळनं धूर बघून एवढंच म्हटलं म्हणे, "मिस्त्रीच्या घरात एक." कॉलेजात फोन केला. पोरं परीक्षेचे पेपर देऊन बाहेर पडत होती, तशीच टेंपोत बसून आली. निम्मी फांद्या तोडून आग झोडपायला गेली. रुबीना आणि आणखी एक पोरगी माझ्या खिडकीशी. बारातून हात, खिळा, किल्ली, पान उघडलं. रुबीना आत उडी मारून गेली, सुमनला चादरीत गुंडाळलं, चादरीची गाठ मारली, आणि सकपाळनं बाहेरून झेललं. ज्याच्या बापाला आम्ही पडवीच्या आत घेत नव्हतो, त्यानं माझ्या बायकोला छातीशी धरून फणसाखाली नेऊन ठेवलं.

मी संध्याकाळी एसटीतून उतरलो तर वाडीत धुराचा वास. पळत सुटलो. पडवीची लाकडं जळून गेली होती, कौलांचा एक कोपरा काळा झालेला. बाकी घर उभं. आणि फणसाखाली गोधडीवर सुमन. भोवती काळ्या तोंडाची पोरं, कुणी तिला पाणी पाजतंय, कुणी वारा घालतंय. ती अर्ध्या तोंडानं हसत होती.

मी म्हटलं, "चला, आत नेऊ या हिला. बाहेर कशाला ठेवलीत?"

सुमननं रुबीनाची ओढणी मुठीत धरली. "नको."

सकपाळ फणसाला टेकून बसला होता, छातीत पिपाणी वाजत होती. म्हणाला, "मिस्त्री, किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"वैनीनं आभाळ बघून."

दोन. दोन वर्षं झाली होती. मी तिला खायला घातलं, धुतलं, कूस बदलली. औषध चुकवलं नाही. पण बाहेर नेली नाही. एकट्याला उचलवत नव्हती, हे खरं. पण कुणाला बोलावलं पण नाही. लोक बघतील, वाकडं तोंड बघतील. आणि खाटेवर ती सुरक्षित आहे असं मला वाटत होतं. आग यायच्या आधीपासून ती अडकलेली होती आणि कुलूप माझं होतं.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत ती फणसाखाली होती. कुणी घाई केली नाही.

पुढच्या रविवारी चार वाजता सकपाळ पोरं घेऊन हजर. "तालीम आहे."

"कसली?"

"सुटकेची. दर रविवारी करावी लागते. नायतर पोरं विसरतात." आणि सुमनकडं बघून एक भुवई वर केली, जी आधीच वर होती.

मग दर रविवारी तालीम. खिळा, किल्ली, पान, चादर, फणस. खरं तर दारातून नेणं सोपं होतं, दार मी आता आत असताना उघडंच ठेवायचो. पण सुमनला खिडकीच हवी असायची. किल्ली ती स्वतः डाव्या हातानं काढून द्यायची, बाईसाहेबासारखी. अमेय घड्याळ लावायचा. "काकी, आज दोन मिनिटं दहा सेकंद." ती डावा हात हलवायची, हळू झालं म्हणून. पोरं फणसाखाली भेळ खायची, गाणी म्हणायची, तिला गावाच्या बातम्या सांगायची. रुबीना शिकून केळशीला गेली, लग्न झालं. नवी पोरं आली. सकपाळ नव्यांना खिडकी दाखवून सांगायचा, "हे मिस्त्रीचं सगळ्यात चांगलं ग्रील. का? हे उघडतं."

आषाढात सुमन गेली. झोपेत, खाटेवर, आगबिग काही नाही. त्या खिडकीतून ती जिवंतपणी किती वेळा बाहेर आली, मोजलं नाही. मेल्यावर मात्र दारातून नेली. तशी रीत आहे.

बारा दिवस झाल्यावर मी मशीन काढलं आणि ते पान परत जोडून टाकलं. पक्कं. रॉड संपेपर्यंत वेल्डिंगची रेघ ओढली. आतून बाहेर यायचं कुणाला होतं? किल्ली तिच्या कुंकवाच्या डबीत टाकली. कामं सोडली. दार लावून बसायचो. लेक म्हणाली लांज्याला चला, नाही गेलो. रविवारी नवी पोरं आली तर मी आतूनच ओरडलो, इथं काही नाही तुमचं.

सकपाळ यायचा. पडवीत बसायचा, दम लागेपर्यंत बोलायचा. आधी बंद दाराला हाताची मागची बाजू लावायचा, तो आवाज मला कळायचा, कातडी लाकडाला घासते तो.

"आत कोण हाय?"

"कोण नाय."

"मग बोलतं कोण, मिस्त्री?"

खिडकीबद्दल त्यानं कधी विचारलं नाही. पण घराला फेरी मारल्याशिवाय तो कधी गेला नाही.

मग त्याची छाती फारच वाजायला लागली. मुलगा मुंबईहून आला, म्हणाला, बाबा आता इकडं नको, दवाखाना लांब, माझ्याकडं चला. सातवा मजला. मला हे अमेय सांगून गेला, तो आता कॉलेजात शिकवायला लागला होता आणि रविवारच्या पोरांना तोच बघत होता. मी कितीतरी महिन्यांनी चपला घातल्या आणि रत्नागिरीच्या स्टँडवर गेलो.

सकपाळ आधीच गाडीत बसला होता. सगळ्यात मागं, जिथं लिहिलेलं असतं 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग', तिथं. मुलगा पुढं बसा म्हणत होता, मागं हाडं मोडतात. हा ऐकेल तर शपथ. मी खाली उभा राहिलो. त्यानं काच सरकवली.

"आलास?"

"आलो."

"मुलाच्या घराला ग्रील हाय. मजबूत हाय म्हणतो." आणि हसला. हसताना पिपाणी वाजली.

"मी येतो मुंबईला. कापून देतो."

"तू काय येतोस. मीच बघंन कुणी मिस्त्री." गाडी सुरू झाली, घरघर लागली. मग म्हणाला, "तुझी किल्ली खिळ्यावर हाय ना?"

मी म्हटलं, "आहे."

तो माझ्याकडं बघत राहिला. घराला फेरी मारणारा माणूस. वेल्डिंगची रेघ त्यानं कितीदा बघितली असेल. काच सरकवून बंद केली आणि आतून तिच्यावर हाताची मागची बाजू टेकवली, दार तापलंय का बघतात तशी. मला बाहेरून काचेला टेकलेली ती कातडी दिसत होती. गाडी वळली तरी तो हात तिथंच होता. तोच शेवटचा.

मी घरी आलो. मशीनवरची धूळ पुसली, वायर जोडली. कापायला पाच मिनिटं लागतात म्हणाला होता, मला जास्त लागली, रेघ मीच जाड ओढली होती. बिजागरीत तेल घातलं. कुंकवाच्या डबीतून किल्ली काढली, पुसली तरी थोडी लाल राहिली. खिळ्यावर अडकवली. खाटेवर आडवा होऊन हात लांब करून बघितलं. पोचतो.

खोटं बोललो ते तेवढ्यापुरतंच. तोवर त्याची गाडी फार तर संगमेश्वरच्या पुढं गेली असेल.